कारण लिहून पाठवतेय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. राजीनामा दिला आणि इथे हैदराबादला शिकवायला रुजूही झाले. आधी विचारलं नाही, याचं वाईट वाटतंच. पण विचारलं असतं तर आई, तू "तुझं तू बघ" म्हणाली असतीस आणि रात्रभर जागली असतीस.

बाबा, पगार निम्मा झालाय, लपवत नाही. घराचे हप्ते फिटलेत, तुमचा मेडिक्लेम मी भरलाय. ऐरोलीच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत बारा वर्षं एकच पाहिलं. एकीकडे छोटा बदल केला की भलतीकडेच काहीतरी कोसळायचं, आणि मुळात ते तसं का बांधलं होतं हे सांगणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असायचा. जो निर्णय पुढे बदलू शकतो तो एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका सुट्या भागाच्या, पोटात ठेवा, असं संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडलंय. पहिल्याच तासाला मी ते सांगायला फळ्यावर आपली बेलापूरची वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, काढली. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी तिथे सात घरांना एक अंगण दिलं, पण शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही. म्हणून तर तुम्ही वरची खोली चढवलीत तरी काकूंच्या घराला साधा तडा गेला नाही.

सॉफ्टवेअरमधल्या निर्णयांमागची कारणं हरवू नयेत, यावर मला संशोधन करायचंय. तुम्ही सिडकोच्या नकाशांच्या कडेला पेन्सिलीने कारण लिहायचात ना? तुमच्या ड्रॉइंग बोर्डाखाली ट्रेसिंग पेपरची सळसळ ऐकत मी झोपायचे. तशी झोप पुन्हा कधी लागली नाही.

आई, जेवणाचं टेन्शन घेऊ नकोस. क्वार्टरमध्ये गॅस आहे, कोपऱ्यावर ज्वारीची भाकरी मिळते, गोडा मसाला पुरवून वापरते. रात्री दहाला दिवा बंद. खरंच.

आता ऐका. बीपीची गोळी पेपरच्या आधी. पारसिक टेकडीचा चढ पुरे, बागेत चाला. पावसात गच्चीवर कुणीही जायचं नाही, अंगणातलं शेवाळ माणूस लावून घासून घ्या, पैसे पाठवलेत. रागावले नाहीये गं, भीती वाटते.

गणपतीला येतेय. हुसेनसागर एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. कल्याणला पहाटे उतरून टॅक्सी करीन. बाबा, स्टेशनवर यायचं नाही. आणि माळ्यावरची नकाशांची नळी रद्दीत देऊ नका. मला वर्गात न्यायचीय.

तुमची,
छकुली