मुदत संपली की भाग उतरलाच पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये पौडजवळ हेलिकॉप्टर कोसळलं, त्यातले चौघे सुदैवाने वाचले. पुढे २ ऑक्टोबरला बावधनला दुसरं कोसळलं आणि दोन वैमानिक व एक अभियंता असे तिघे गेले. या अपघातांचं खापर मी झिजलेल्या भागांवर फोडत नाही. बावधनला त्या सकाळी दाट धुकं होतं. पण आपली सगळी चर्चा हवामान आणि वैमानिक यांच्यापाशीच थांबते, इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कोणी विचारत नाही.

माझी सगळी नोकरी भोसरीत, कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. चकचकीत भागावर लाल डाय लावायची, पुसून काढायची, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर केसाएवढी तांबडी रेघ उमटते. तोवर तो भाग कोणाच्याही हातात दिला तरी तो ‘ओके’च म्हणेल. म्हणून ‘चांगला दिसतोय, चालेल अजून थोडे दिवस’ हे वाक्य मला सहन होत नाही.

हेलिकॉप्टरच्या लहान टर्बाइन इंजिनात गाभा मिनिटाला पन्नास हजारांच्या आसपास फेरे घेतो. पातं तुटलं तर ते बहुतेक वेळा बाहेरच्या कवचात अडकतं, पण डिस्क, म्हणजे ज्या चकतीवर ही पाती बसवलेली असतात ती, फुटली तर कवच तिला अडवू शकत नाही. त्यामुळे डिस्क कधी काढायची हे उत्पादकच ठरवून देतो, आणि ते नुसतं तासांवर नाही, सायकलींवर. इंजिन सुरू झालं, तापलं, पूर्ण ताकदीला गेलं, बंद होऊन थंड झालं, की एक सायकल भरली. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एका क्षणी तुटते, तसंच हे.

आता आपल्याकडचा वापर बघा. एका दिवसात चार तालुक्यांत प्रचारसभा, लग्नात नवरीची पाठवणी, जत्रेत पुष्पवृष्टी. सगळी दहा-वीस मिनिटांची उड्डाणं. लॉगबुकात तास कमी दिसतात, सायकली मात्र भराभर संपत जातात. नुसते तास बघून ‘मशीन नवीन आहे’ म्हणणारा माणूस स्वतःची आणि गिऱ्हाइकाची फसवणूक करतो.

खुणा मिळूनही दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ १ एप्रिल २००९ रोजी झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात दिसलं. तिथे इंजिन नाही, मुख्य गिअरबॉक्स फुटला. सोळा जण गेले. आठवडाभर आधी तेलातल्या चुंबकी डिटेक्टरवर धातूचा कण सापडला होता. तो नेमका कशाचा हे ओळखण्यात चूक झाली आणि गिअरबॉक्स उघडलाच गेला नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भाग बदलण्याचे आदेश निघतात आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्राचं खातं, ते बंधनकारक मानतं. पण हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. माझी मागणी एवढीच आहे: कोटेशनसोबत एक पानी तक्ता देणं सक्तीचं करा. मुदतीचा प्रत्येक भाग, त्याची मर्यादा, किती तास आणि किती सायकली उरल्या, कोणते आदेश बाकी आहेत आणि खाली जबाबदार अभियंत्याची सही. मुदतवाढीची सवलत घेतली असेल तर तीही त्यात लिहा. तात्पुरत्या हेलिपॅडचे अर्ज हाताळताना जिल्हा प्रशासनाने हाच तक्ता मागावा आणि निवडणुका लागायच्या आधी डीजीसीएने इथल्या ऑपरेटरांच्या नोंदी प्रत्यक्ष भागांवरच्या क्रमांकांशी ताडून पाहाव्यात.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक
चिंचवड, पुणे