उत्क्रांती आमच्या कपाशीत दिसते

महोदय,

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी इथेच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे म्हटले होते. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, असा त्यांचा मुद्दा. आजच्या माकडापासून माणूस झाला असे विज्ञान म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक होते एवढेच म्हणते. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला. त्याविरुद्ध अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या केल्या.

मराठवाड्यातल्या मुलांना उत्क्रांती दाखवायला जीवाश्म लागत नाहीत. २००२ मध्ये बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी आली, तेव्हा बोंडअळी मरायची. लाखांतल्या ज्या मोजक्या अळ्यांना ते विष पचले, त्याच वाढल्या, त्यांचीच अंडी पुढे गेली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आमची बोंडे पोखरली. बियाण्याच्या पिशवीसोबत येणारी साध्या कपाशीची पुडी आम्ही बहुतेकांनी बांधावर फेकली. कडेने ती लावली असती, तर त्यावर विष न पचणाऱ्या अळ्याही जगल्या असत्या आणि त्यांच्या संकरामुळे विष पचवण्याची ताकद पुढच्या पिढ्यांत पसरायला उशीर झाला असता. हे आम्हाला कुणी नीट समजावलेच नाही, याचे आजही वाईट वाटते.

मी माळकरी आहे. सृष्टी विठ्ठलाने केली ही माझी श्रद्धा आहे आणि या धड्याने ती कधी डळमळली नाही. दहावीनंतर विज्ञान सोडणारी आमची मुले हा धडा पुन्हा कुठे वाचणार? तो पुस्तकात परत घ्यावा.

– एक शेतकरी पालक, जि. परभणी