आईच्या कमरेबद्दल, दोघांना

नाशिक, आषाढ

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून कागद घेतला. कंबर कशी आहे विचारलं की आई म्हणते, "माले काय व्हयनं?" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "रात्रभर तळमळत होती." पत्र बाबाच वाचून दाखवतील. बाबा, मधल्या ओळी गाळू नका, त्यातल्या काही तुमच्यासाठीच आहेत.

आधी माझी चूक. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांसाठी खापर चुलीवर चढलं, आई पाटावर बसायला गेली आणि मी तिला दंडाला धरून उठवलं. म्हटलं, तू बाजेवर पड, आम्ही बघतो. आम्ही म्हणजे कोण? मला मांडा हातावर फिरवता येत नाही, पसरायच्या आधीच फाटतो. शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारावी लागली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि संध्याकाळी कंबर सकाळपेक्षा जास्त धरली होती. आठ दिवसांनी सखाराम महाराजांचा रथ. अमळनेरात राहून आईने रथ चुकवल्याचं मला आठवत नाही. यंदा ती घरी होती, कारण आपण दोघांनी ठरवलं की तिला झेपणार नाही. तिला विचारलंच नाही.

परवा इथल्या फिजिओथेरपिस्टबाईंना आईचं सगळं सांगितलं. तीन महिन्यांच्या वर गेलेलं दुखणं आराम करून जात नाही, म्हणाल्या. उलट पडून राहिलं की पाठीचे, पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि पुढच्या वेळी कमीच कामात कंबर धरते. म्हणजे आपण माया म्हणून जे करत होतो, त्यानेच आई आखडत गेली.

आणि बाबा, तो एमआरआयचा कागद आता कपाटात ठेवा. येईल त्या पाहुण्याला तुम्ही "मणका सरकलाय" सांगता आणि आई ते प्रत्येक वेळी ऐकते. मग वाकायलाही भिते. कागदावर 'डिस्क बल्ज' लिहिलंय, म्हणजे मणक्यांमधली गादी जरा फुगलीय. कंबर अजिबात न दुखणाऱ्या साठीच्या माणसांचे एमआरआय तपासले, तर शंभरातल्या सुमारे ६९ जणांत तसाच फुगवटा दिसतो. आईची कंबर दुखते हे खरंच आहे, पण ती मोडायला आलेली नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या, त्यात पट्टा नको, वजन लावून कंबर ताणणं नको, असं म्हटलंय. आपण दोन्ही केलं. मीच सांगितलं होतं, तेव्हा राग माझ्यावर काढा.

मेडिकलवाल्याकडून पुडीत बांधून येणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या मात्र बंद. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्या रोज घेतल्या तर किडनीवर जातात. दुखण्याची गोळी लागलीच तर डॉक्टरांना बीपीची चिठ्ठी दाखवूनच.

आई, आता तुला. तुझी खोड मला माहीत आहे. एक दिवस बरं वाटलं की बिबडे, कुरडया, वरचे डबे, सगळं त्याच दिवशी, आणि मग तीन दिवस आडवी. कापूस वेचायला जायचीस तेव्हाही ओळ संपेपर्यंत पाठ सरळ करायची नाहीस. आता घड्याळ लाव. दुखो न दुखो, वीस मिनिटं झाली की उठायचं, चार पावलं चालायचं, मग परत बसायचं. सकाळी दहा मिनिटं चालायला सुरुवात कर, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढव. पुढच्या वैशाखातल्या एकादशीला रथासाठी बोरी नदीच्या वाळवंटात आपल्या पायांनी पोचायचं, हा हिशेब धर. नळ आला की हंडा बाबा उचलतील, तू अर्ध्या बादल्या ने. फळीवर झोपायचा हट्ट सोड. फार मऊ नाही, फार कडक नाही अशी गादी घे, आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी.

एक गोष्ट मात्र लाजेपोटी लपवू नकोस. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर वाटली, पायातली ताकद गेली, तर त्याच क्षणी बाबांना सांग. बाबा, मग रात्र असली तरी गाडी करून थेट मोठ्या दवाखान्यात. सकाळची वाट बघायची नाही. दुखण्यासोबत ताप आला किंवा वजन उगाच उतरायला लागलं, तरी डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

बाबा, तुमचीही झोप मोडते, चहा तुम्हीच करता, हे मला दिसतं. पण हंडा उचलताना "तुझ्यामुळे" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आणि दर तासाला "दुखतंय का?" नको. मीसुद्धा आजपासून फोनवर आधी कंबर विचारणार नाही. कालच्या वांग्याच्या भरताला मिरच्या किती घातल्या, ते विचारीन.

एक काम सांगते. परसात विटांचा ओटा बांधा, वर चूल. खापर ठेवल्यावर त्याचा माथा आईच्या कोपराच्या जरा खाली आला पाहिजे. तिला उभी करून मोजा, अंदाजाने नको. पुढच्या अखाजीला मांडे ती उभ्याने करेल. पाच झाले की बसेल, मग पुन्हा पाच. फाटलेले मी खाईन.

कानबाईच्या सणाला येतेय. रोटांचं दळण बाबांकडे, मळायचं किती ते आई ठरवेल. तोवर विटा आल्या नसतील, तर आई, तूच बाबांच्या मागे लाग.

तुमची,
बेबी