खाजनाचा बांध आणि बाकूचा आकडा

महोदय,

गेल्या पावसात भरतीच्या जोराने आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनाचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध फुटला आणि खारे पाणी थेट शेतात शिरले. कोरगुट भात थोडेफार खारेपण सोसते, पण आठवडाभर पाणी तुंबले तेव्हा तेही कुजले. मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारे वेळेवर दुरुस्त झाली नव्हती, हा दोष आपलाच. तो हवामानाच्या माथी मारू नये. समुद्राची पातळी मात्र चोडणकरांनी वाढवलेली नाही.

म्हणून बाकूच्या हवामान परिषदेत ठरलेला श्रीमंत देशांच्या मदतीचा आकडा खटकतो. विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी (१,३०० अब्ज) डॉलर मागत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पदरात पडले वर्षाला ३०० अब्जांचे आश्वासन, तेही २०३५ पर्यंत गाठायचे! भारताने तिथेच हरकत घेतली, ते बरे झाले. २००९ मध्ये कोपनहेगनच्या अशाच परिषदेत कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज २०२० ऐवजी २०२२ मध्ये जमले आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता.

सौर प्रकल्पाला कर्ज मिळते, कारण विकलेल्या विजेतून ते फिटते. बांधाचे काय? कोरगुट विकून कोणाचे व्याज फिटणार? आपल्या शिष्टमंडळाने अशा कामांसाठी कर्ज नव्हे, अनुदानच हवे, असा हट्ट धरावा. आणि गोवा सरकारने निदान कोणते बांध कुठे खचले आहेत, याची गाववार यादी पावसाआधी जाहीर करावी.

– एक खाजन शेतकरी, चोडण