किंग्ज पार्कच्या गाईड आजींना

प्रिय गाईड आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गेल्या सप्टेंबरात पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये तुम्ही आम्हा सात-आठ जणांना रानातून फिरवून आणलंत. साडीवर पांढरे बूट घातलेली, सगळ्यांच्या मागून चालणारी बाई आठवतेय? ती माझी आई.

आई साताऱ्याची. इथे येऊन दीड महिना झाला होता. इंग्रजी येत नाही, म्हणून चारचौघांत ती गप्पच असायची. चारशे हेक्टरांचं ते पार्क, त्यातलं दोन तृतीयांश मूळचं रान, हे सगळं मी तिला मराठीत सांगत होते, पण ती नुसतं 'हं' म्हणत होती. तुम्ही कांगारू पॉ दाखवलंत, लाल देठावरचं हिरवं मखमली फूल, १९६० पासूनचं पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल. पक्षी मधासाठी चोच घालतो तेव्हा पराग त्याच्या डोक्याला कसे लागतात, हे तुम्ही बोट वाकवून दाखवलंत. ते तिला मी न सांगता कळलं. गाढवाच्या कानांसारख्या पाकळ्यांचं डाँकी ऑर्किडही तिने वाकून पाहिलं.

पुढे बँक्सियाच्या झाडाखाली ती एकदम खाली बसली. मला वाटलं, दमली. तुम्ही मात्र गुडघे टेकून तिच्या शेजारी बसलात. वाळूत बोटभर उंचीचं लालसर रोप होतं. पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट, अजून पाय हलवत होतं.

"अगं, दवबिंदू!" आई म्हणाली. "आपल्या कासच्या पठारावरचा!"

तुम्ही भिंग तिच्या हातात दिलंत आणि मला विचारलंत, "काय म्हणाल्या त्या?" मग तो शब्द नीट जमेपर्यंत पुन्हापुन्हा म्हणून पाहिलात. आई सांगत गेली: पाऊस ओसरला की कासला फुलं येतात, कीटक खाणारं हे रोप तिथे ओल्या कातळावर असतं. तुम्ही म्हणालात, इथेही हिवाळ्याचा पाऊस सरला की फुलांचे दिवस, आणि उन्हाळाभर हे रोप वाळूखाली कंद होऊन झोपतं. मी मध्ये बसून दोघींचं भाषांतर करत होते, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा आईच्या बोलण्याला मी पुरी पडत नव्हते.

परतताना ती तुमच्याबरोबर पुढे होती. वाटेतला बॉबटेल तिलाच आधी दिसला. "सापसुरळीच की ही, पण केवढी जाड!" म्हणत तिने हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं.

आजी, माहिती सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही तिला विचारलंत. त्यासाठी मनापासून आभार. पत्र मराठीत लिहायचा आग्रह तिचाच; पुढच्या फेरीला येईन तेव्हा तुम्हाला वाचून दाखवेन.

या सप्टेंबरात आई शेजारणींना घेऊन कासला गेली होती. दवबिंदू दाखवताना म्हणाली म्हणे, "याला पर्थला सनड्यू म्हणतात."

तुमची,
आईची लेक