जहाजावर सन्मान वगैरे काही झालेला नाही, पण हेळव्याचं तेवढं छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात माझ्याबद्दल चार ओळी आल्या, बेळगावच्या निवृत्त शिक्षकाचा जहाजावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत सन्मान अशा. बातमी कुणी पोचवली ते मला ठाऊक आहे, आमचे मेव्हणे, त्यांना असल्या गोष्टीत भारी उत्साह. पण तेव्हापासनं सकाळी फिरायला गेलं की कुणीतरी अडवतंय, "काय सर, जहाजावर सत्कार म्हणे!" म्हणून लिहितोय. सत्कार नाही, शाल नाही, नारळ नाही. तिकीट लेकीनं काढलेलं, बोलणाऱ्यांना फीमधे थोडी सूट होती, तेवढाच काय तो सन्मान. माझ्या भाषणाला माणसं सत्तावीस, मीच मोजली, त्यातली दोन झोपलेली आणि एक माझी लेक.

झालं असं की लेक सिडनीला असते, तिच्या ऑफिसातली एक बाई वंशावळ शोधायच्या नादातली. तिकडं रिटायर माणसांचा हा मोठा छंद आहे, आपल्याकडं भजनी मंडळ असतं ना, तसं. दरवर्षी कुठंतरी जमतात, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की हॉलचं भाडं भरण्यापेक्षा जहाजावरच जमू, फिरणंही होईल. सिडनीहून न्यूझीलंडला जाऊन परत. बंदर आलं की खाली उतरून हिंडायचं आणि जहाज समुद्रात असेल त्या दिवशी सकाळपासनं भाषणं. लेकीनं मला न विचारता फॉर्म भरला, वडील मोडी वाचतात आणि सात पिढ्या तोंडपाठ सांगतात म्हणून! सात पिढ्या मला पाठ नाहीत, आमच्या हेळव्याला, म्हणजे घरोघर फिरून वंशावळ सांगणाऱ्याला, पाठ आहेत. तिथनंच विषय सुचला.

जहाजाचं वर्णन करत बसत नाही, फोटो मेव्हण्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकलेत. एवढंच सांगतो की पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून जहाज बुडालं तर कुठं उभं राहायचं ते शिकवतात, आणि आमची ही ते ऐकून रात्रभर जागी. कुंदा नेता आला नाही, दुधाचं काही आणू नका म्हणून लेकीनं आधीच बजावलेलं. चिवडा नेला, तो विमानतळावर डिक्लेअर करून, उघडून दाखवून सुटला.

भाषण दुसऱ्या दिवशी दुपारी. टास्मान समुद्र खवळलेला, पडदे एका बाजूला लोंबतायत, लॅपटॉपचा चार्जर टेबलावरनं आपोआप सरकालाय आणि मी टेबल धरून उभा. माझ्या आधी एका बाईंनी डीएनएवर सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांचं साधारण २६०० सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप) जुळतं, चुलतभावांचं साधारण साडेआठशे, तेवढ्यावरनं नातं ओळखायचं. मी सुरुवातच तिथनं केली. म्हटलं आमच्या भागात मामाची मुलगी करायची रीत, ती दोन-तीन पिढ्या चालली की एकच माणूस दोन्हीकडनं नातेवाईक होतो, मग तुमचा आकडा आमच्या घरी लांबच्याला जवळचा ठरवणार. हसले. त्यावर जरा धीर आला.

मग हेळवी सांगितला. आपल्या नव्या पिढीलाही माहीत नसेल म्हणून इथंही लिहितो. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा, त्यांचा मूळपुरुष पायानं अधू होता म्हणून बैलावर बसून फिरायचा अशी कथा सांगतात. प्रत्येक हेळव्याची घरं ठरलेली, बापाकडनं पोराकडं वाटणीत येतात शेत यावं तशी, मराठा असो लिंगायत असो. सुगी झाली की यायचा, दारात उभा राहून आधी मूळ गाव, मग कुलदैवत, मग मूळपुरुषापासनं नावं, कोण कुठनं उठला, कुणाला किती मुलगे, कोण दत्तक गेला, सगळं एका सुरात. अर्धं कन्नड अर्धं मराठी. नवीन पोरगा झाला असेल तर नाव वहीत चढवायचा आणि जोंधळे, जुनं कापड, काय मिळेल ते घेऊन पुढं. पूर्वी ताम्रपट, ताडपत्रं, आता वह्या. आमचा रायबागकडचा, बैल कधीच गेला, मोटरसायकलवर येतो, वह्या रेक्झिनच्या बॅगेत.

त्याच्या वहीप्रमाणं आम्ही मूळचे अथणीकडचे, "मोठ्या दुष्काळात" उठून बेळगावजवळ आलो. तो दुष्काळ १८७६ ते ७८ चाच असणार. मंगसुळीचा खंडोबा आमचं कुलदैवत, ते का हे लहानपणी कळायचं नाही कारण घरापासनं एवढ्या लांब, जवळचे देव सोडून. हेळव्यानं मूळ गाव सांगितल्यावर कळलं, मंगसुळी अथणीकडचीच, देव जागेवरच राहिला, माणसं सरकली.

तर पहिला प्रश्न आला तो पुराव्याचा. मागं बसलेले एक गृहस्थ म्हणाले, तोंडी सांगितलेलं खरं कशावरनं? बरोबर विचारलं त्यांनी. सुदैवानं मी ते काम केलं होतं. हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळं जुने कागद बरेच मराठीत, कितीतरी मोडीत, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीची हक्कपत्रकं, फेरफार. खातेदार वारला की वारसांची नावं चढतात, म्हणजे वारसा फेरफार ही वंशावळच की, फक्त तलाठ्यानं लिहिलेली. ते घेऊन हेळव्याच्या नावांशी ताडून बघितलं तर तीन पिढ्या अगदी बरोबर, चौथ्या पिढीत दोन भावांची अदलाबदल, धाकट्याची पोरं थोरल्याच्या खाली. एवढीच चूक. त्या गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न मात्र मला आडवा करून गेला. एक म्हातारी बाई, काठी घेऊन आलेली, म्हणाली की तुमच्या या माणसाच्या वहीत बायकांची नावं कुठायत? साहेब, नाहीत. आमच्या वहीत एक नाही. सात पिढ्या सगळे बापे, जसं काही यांना कुणी जन्मच दिला नाही. त्यात आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, माझी आजी माहेरी एक आणि सासरी दुसरी, माहेरचं नाव मला माझ्या साठीनंतर कळलं तेही तिच्या भाच्याकडनं. मी तिथं सांगितलं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुली वारस झाल्या, त्यानंतरच्या फेरफारात बहिणींची नावं दिसायला लागतात. (ते साल आपल्या भागाला वेगळ्याच कारणानं पाठ आहे, ते तिथं काढलं नाही, जहाजावर सीमाप्रश्न कशाला.) पण ती नावं बहुतेक ठिकाणी येतात ती हक्कसोड करण्यापुरती, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडून देण्यापुरती, हे खरं मी तिथं बोललो नाही, जीभ रेटली नाही. आता इथं लिहितोय.

भाषण संपल्यावर एक पर्थचे आजोबा आले. त्यांच्या पणजोबांचा भाऊ ब्रिटिश पलटणीत होता, बेळगावात तापानं गेला. आपल्या कॅम्पात! मी रोज दूध आणायला जातो त्या रस्त्यावर. आणि त्यांच्याकडं त्या दफनाच्या नोंदीची प्रत होती, कारण मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आजही ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मी बघतच राहिलो. परमुलखात तापानं मेलेल्या पोराचा कागद जपून ठेवलेला आणि इथं पिढ्यान्पिढ्या नांदलेल्या आमच्या घराचा कागद रेक्झिनच्या बॅगेत, मोटरसायकलच्या मागं, पावसात. हरिद्वारचे पंडेही यात्रेकरूंच्या वंशावळी लिहून ठेवतात, त्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीनं केव्हाच करून ठेवलीय. हेळव्यांच्या मोजक्या वह्यांसाठी सातासमुद्रापलीकडनं कुणी यायची गरज नाही, मोबाईलचा कॅमेरा पुरतो.

आता खरं गाऱ्हाणं. मी तिकडं होतो तेव्हा आमचा हेळवी आला होता. आमच्याच कॉलनीच्या गेटवर वॉचमननं भिकारी म्हणून परत पाठवला, आणि एक शेजारी गॅलरीतनं बघत होते, त्यांचं घरही त्याच्याच वहीत आहे, ते काही बोलले नाहीत. त्यानं मला फोन केला तेव्हा मी वेलिंग्टनला जहाजातनं उतरत होतो, नेमकी त्याचीच गोष्ट परक्यांना सांगून आलेला. म्हणाला, "सर, तुम्ही नाही तर त्या गल्लीत आता कोण वळखतंय." त्याचा मुलगा हुबळीला कुठल्याशा गोडाऊनमधे कामाला आहे, त्याला नावं पाठ करायची नाहीत, आणि का करावीत, दिवसभर फिरून पेट्रोलचेही सुटत नाहीत.

वहीचे फोटो काढू का म्हणून मी त्याला पूर्वीच विचारलं होतं, तेव्हा नको म्हणाला. वही दुसऱ्याच्या हातात गेली की आमचं पोट गेलं, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नाही. आता मात्र अर्धा तयार झालाय, एका अटीवर, प्रत्येक घरानं आपलं पान काढून घेताना त्याला रीतसर दक्षिणा द्यायची, आणि मूळ वही त्याच्याकडंच राहणार. मला अट मान्य आहे. पाच हजार मी ठरवलेत, आमच्या घराचे. ही म्हणते जहाजावर चिप्स आणि कॉफीला याहून जास्त घालवलेत.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी तो माझ्या घरी येणार आहे, अनगोळला. ज्यांना आपलं घर त्याच्या वहीत असेल असं वाटतं, मूळ गाव अथणी, रायबाग, चिकोडीकडचं, त्यांनी आपल्या पेपरच्या ऑफिसात नाव ठेवलं तर मी संपर्क करीन. येताना आई, आजी, पणजीची नावं, माहेरची आणि सासरची दोन्ही, कागदावर लिहून आणा. त्याला सांगून ठेवलंय, या खेपेला तीही चढवायची. आधी म्हणाला जागा नाही. मी म्हटलं समास सोडलेला आहे की एवढा. "बघू" म्हणालाय.

आणि कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीची माहिती असणारं कुणी असेल तर त्यांनीही कळवावं, पर्थच्या आजोबांना मी फोटो पाठवतो म्हणून शब्द देऊन बसलोय आणि दोन रविवार झाले, गवतातनं दगड दिसत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अनगोळ, बेळगाव