आमच्या कबड्डीपटू मुलींच्या ताकदीचा आराखडा आखून देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या मुलींचा हंगाम नुकताच पार पडला. संघाच्या वतीने आपले आभार मानणारे हे पत्र मी मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण जे काम केले ते तालुक्याच्या गावांतील इतर मंडळांनाही कळावे, असे मला मनापासून वाटते.

वजनांच्या व्यायामाचा तक्ता मागायला आम्ही आपल्याकडे आलो होतो. आपण तक्ता दिला नाही; आधी मैदानावर येऊन सराव पाहिला. चढाई तीस सेकंदांची असली, तरी खरा जोर लागतो तो गडी टिपून मध्यरेषेकडे झेपावतानाच्या एखाद-दुसऱ्या क्षणाला. उलट कोपऱ्यात बचाव करणारी खेळाडू गुडघ्यांत वाकून दबा धरून असते आणि घोटापकड करताना चढाईपटूची सारी ओढ तिच्या पंजांवर आणि कंबरेवर येते. हे पाहूनच आपण चढाईपटूंना एका पायावरचे स्क्वॅट आणि उड्या, तर कोपऱ्यातल्या मुलींना डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणे, आणि ओढण्याचे व्यायाम अधिक दिले. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, म्हणून उडीनंतर गुडघे आत न वळवता जमिनीवर उतरणे जमेपर्यंत आपण एकीच्याही खांद्यावर बारबेल, म्हणजे वजने लावायची लोखंडी कांब, ठेवू दिला नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी दिलेल्या नॉर्डिक व्यायामाला तर साधनही लागत नाही: जोडीदारणीने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवर उभे राहून शरीर सावकाश पुढे झुकवत न्यायचे. मैदानी खेळाडूंमध्ये या व्यायामाने त्या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे संशोधनात दिसले आहे, आणि तरीही तो आमच्या भागात फारसा कुणी करत नाही, याची मला खंत वाटते.

जोर-बैठका आपण मोडीत काढल्या नाहीत, याबद्दल आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आपल्याला विशेष धन्यवाद कळवायला सांगितले आहे. शंभर बैठकांनी दम वाढतो, पण कमाल ताकद वाढवायची तर भारच वाढवत न्यावा लागतो, हे समजावताना आपण डॉ. थॉमस डिलॉर्म यांची माहिती दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना त्यांनी टप्प्याटप्प्याने वाढत्या भाराची पद्धत रूढ केली. त्यानंतर मुलींनी ‘वजन का वाढवायचे’ हा प्रश्न सोडून ‘केव्हा वाढवायचे’ हे विचारायला सुरुवात केली. त्याचे उत्तरही आपण नेमके दिले: शेवटच्या सेटमध्ये, म्हणजे व्यायामाच्या शेवटच्या फेरीत, ठरल्यापेक्षा दोन आवर्तने जास्त निघाली आणि पुढच्या सत्रातही तसेच झाले, तरच भार वाढवायचा.

आपण आखून दिलेल्या वहीत एक रकाना आहे: ‘आणखी किती निघाली असती?’ एका मुलीने सलग काही सत्रे तिथे शून्य, म्हणजे आणखी एकही आवर्तन निघाले नसते, असे लिहिले, तेव्हा आपण तिला ओरडला नाहीत किंवा कौतुकही केले नाही. झोप, जेवण, पाळी, परीक्षेचे जागरण, सगळे शांतपणे विचारले आणि त्या आठवड्यापुरते तिचे सेट निम्मे केले. आकड्यामागची मुलगी पाहणारा प्रशिक्षक आमच्या मुलींना लाभला, ही मला या संपूर्ण वर्षातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सामने सुरू झाले की वजने बंद, अशी आमच्याकडची रीत होती. पण व्यायाम थांबवला की मिळवलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते. मात्र आठवड्यातून एक-दोन सत्रे, भार तसाच राखून सेट कमी करून, केली तर ती टिकते, हे आपण पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत येऊन पटवून दिले. सामन्याच्या आदल्या दिवशी जड व्यायाम नाही आणि जड सेटच्या मध्ये तीन मिनिटांची विश्रांती, या दोन्ही गोष्टी आता मुली स्वतःच पाळतात.

पुढच्या महिन्यात सबज्युनिअर मुलींचा गट सुरू होत आहे. आपण सांगितल्याप्रमाणे त्यांना आधी लाकडी काठीवरच हालचाली शिकवणार आहोत. शेजारच्या मंडळांनीही आपल्या वहीची प्रत मागितली आहे. आपली परवानगी मिळताच ती त्यांच्याकडे पाठवीन.

आपली कृतज्ञ,
प्रशिक्षिका, मुलींचा कबड्डी संघ